कमलाचं पान

गवारीच्या शेंगा विळीवर चिरणाऱ्या बायांबद्दल प्रमिलाबाईंचं मत फारसं चांगलं नव्हतं. शेंग हातानं मोडावी, दोन्ही टोकांच्या शिरा ओढून काढाव्या, तेव्हा कुठं भाजीला चव येते. श्रावण संपत आला होता, दोन दिवस उघाड होती, आणि त्या वडनेरच्या आपल्या घराच्या ओसरीत सुपात शेंगा घेऊन बसल्या होत्या. घरामागं थोड्या अंतरावर हैदराबादचा हमरस्ता. ट्रकांची घरघर दिवसभर चालूच असते, पण घरातल्यांना ती ऐकू येत नाही. पाहुणे येतात आणि विचारतात, तेव्हा आठवतं.

फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. तिशीच्या आतली, पाठीवर सॅक, हातात दोरीनं बांधलेली जाड फाइल. तिनं दाराकडं पाहिलंच नाही. आधी घराच्या स्लॅबकडं पाहिलं, मग घरामागच्या रस्त्यावरच्या पुलाकडं, मग ग्रामपंचायतीच्या निळ्या टाकीकडं. टाकीवर कुणीतरी हौसेनं मोर रंगवला आहे, त्याच्याकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"तानबाजींचं घर हेच का?"

"हेच. पण ते नाई आता. दोन वर्सं झाली."

"तुम्ही प्रमिलाबाई. कमलाबाईंच्या वहिनी." मुलगी आत आली. "मी गुंजन. मनोरुग्णालयातून आली."

प्रमिलाबाईंनी आधी शेजारच्या भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडं शकुंतलाबाई राहायच्या. चांगली बाई, अडीअडचणीला धावून येणारी, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग त्यांनी सूप उचललं, मुलीला आतल्या खोलीत नेलं आणि भर दुपारी दाराला कडी लावली.

कमला म्हणजे तानबाजींची मधली बहीण. तेविसाव्या वर्षी बाळंत झाली, आठव्या दिवशी लेकरू गेलं, आणि महिनाभरानं सासरच्यांनी तिला माहेरच्या ओसरीत आणून बसवलं. ती कुणाला मारत नव्हती, शिव्या देत नव्हती. फक्त दुपार झाली की रस्त्याला लागायची आणि लेकराला पाजायची वेळ झाली म्हणत ट्रकांमधून सरळ चालत सुटायची. तीनदा लोकांनी धरून आणलं. चौथ्यांदा तानबाजींनी तिला दूरच्या शहरातल्या मनोरुग्णालयात नेऊन ठेवलं. पुढल्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीची सोयरीक जमत होती आणि मुलाकडचे आडून आडून विचारत होते, घरात तसं कुणी आहे का. "हिचं लग्न होऊन जाऊ दे, मंग कमलेले आणतो," तानबाजी बायकोला म्हणाले, आणि गावात सांगून टाकलं की कमला दवाखान्यातच वारली, सगळं तिकडंच उरकलं.

लग्न झालं. कमलाला कुणी आणलं नाही. मेलेलं माणूस घरी आणायचं कसं, हा नवाच प्रश्न तोवर उभा राहिला होता.

आणि खोटं एकदा जन्माला घातलं की त्यालाही जेवू घालावं लागतं. त्या वर्षीच्या पितृपक्षात आयाबाया विचारू लागल्या, कमलेचं पान कोणत्या दिवशी? नवरा जिता असताना गेलेली बाई, म्हणून अविधवा नवमी ठरली. तेव्हापासून दर भाद्रपदात नवमीला या घरात कढी, वडे, खीर, गवारीची आणि कोहळ्याची भाजी व्हायची. शकुंतलाबाई सवाशीण म्हणून जेवायला यायच्या. तानबाजी पान घेऊन वर जायचे, आधी कवेलूवर, म्हणजे कौलांवर, मग स्लॅब टाकल्यावर गच्चीत, पानाभोवती पाणी फिरवायचे आणि या घराच्या रीतीप्रमाणं तीनदा नाव घेऊन हाक मारायचे. कमला, ये, जेव. पहिल्या वर्षी प्रमिलाबाईंच्या काळजाचं पाणी झालं होतं. जित्या माणसाचं पान ठेवून राह्यलो आपण, असं त्या नवऱ्याला म्हणाल्याही. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

हे सगळं ठाऊक असलेला दुसरा माणूस दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"कमलाबाई बऱ्या आहेत," गुंजन सांगत होती. "खरं तर कितीतरी वर्षांपासून बऱ्या आहेत. पूर्वी एकदा आत सोडलं की सोडलं. आता कायदा बदलला. बऱ्या झालेल्या माणसाला, कुणी न्यायला येत नाही एवढ्यासाठी आत ठेवता येत नाही. आमचा जुना वॉर्ड रिकामा होतो आहे. सत्तर बाया होत्या, आता अकरा उरल्या. घरच्यांनी नेलं नाही, तर या सगळ्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवारागृहात जातील."

"आमचं घर कसं सापडलं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. तानबाजींनी दवाखान्यात गावाचं नाव भलतंच लिहून दिलं होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"पत्ता खोटा होता," गुंजन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "असे पुष्कळ असतात. मी त्यांच्या बोलण्यावरून शोधलं. भाद्रपदात एक दिवस त्या वॉर्डातलं जेवायच्या नाहीत. म्हणायच्या, मी घरून जेवून आली. सिस्टर लोकांनी ते दरवर्षी लिहून ठेवलं आहे."

तिनं फाइलची दोरी सोडली. पानं पिवळी पडली होती, अक्षरं वेगवेगळ्या हातांची होती. गुंजननं मधलंच एक पान काढून वाचलं. रुग्ण जेवण नाकारते. कढी, वडे व कोहळ्याची भाजी खाल्ली म्हणते. गवारीत एक शीर राहिली होती, दातात अडकली, अशी तक्रार. पुढं एका वर्षी लिहिलं होतं, घरामागचा रस्ता मोठा झाला, पूल झाला, पुलाखालच्या गाळ्यातून हनुमानाच्या देवळाचा झेंडा दिसतो असे सांगते. एका वर्षी निळी टाकी होती. टाकीवर मोर होता.

"हमरस्त्यावरची तीन गावं फिरली मी," गुंजन म्हणाली. "मोर इथं सापडला. आणि पुलाखालून झेंडा दिसेल असं घर एकच आहे. तोसुद्धा वरून दिसत असेल, खालून दिसत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी दरवर्षी भेटायला येऊन त्यांना गावाचं सगळं सांगत असेल ना? रजिस्टरमध्ये नोंद नाही, पण राहून जाते कधी कधी."

"हाव," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हे जात."

कुणीही कधी गेलं नव्हतं. टाकी बांधून आठ वर्षं झाली होती आणि मोर तर अलीकडचा.

गुंजनला बरं वाटल्यासारखं दिसलं. तिनं आणखी एक पान काढलं. "हे मात्र मला कळलं नाही. नऊ वर्षांपूर्वीचं आहे. दोन्ही तळपायांना फोड. वॉर्डातली फरशी थंड, भाजल्याचे कारण आढळत नाही. रुग्ण म्हणते, कवेलू काढले, आता पाय भाजतात."

नऊ वर्षांपूर्वी, त्याच उन्हाळ्यात, कवेलू काढून घराचा स्लॅब टाकला होता. प्रमिलाबाई सुपातली एकच शेंग मोडत बसल्या. मोडून मोडून तिचे कण झाले.

"आणि हे दोन वर्षांपूर्वीचं. तीन दिवस अन्न घेतलं नाही. रडते. म्हणते, या वर्षी मला बोलावलंच नाही."

दोन वर्षांपूर्वी नवमीला प्रमिलाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात तानबाजींच्या उशाशी होत्या. ते शेवटच्या घटका मोजत होते. त्या वर्षी या घरात पान ठेवलं गेलं नव्हतं, आणि हे प्रमिलाबाईंच्याही ध्यानात त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं. त्यांना एकदम रडू फुटलं. भीती वाटायला हवी होती, पण आधी रडूच आलं. चोवीस वर्षांत त्या पोरीला माहेरचं एवढंच मिळालं होतं आणि तेही एका वर्षी चुकलं.

"घेऊन ये तिले," त्या म्हणाल्या.

मुलाला, राकेशला, आणि मुलीला, रीताला, त्यांनी संध्याकाळी सगळं सांगितलं. राकेशचं चौकात कृषी केंद्र होतं, घरातला कर्ता तोच. रीताचं साक्षगंध झालं होतं, हिंगणघाटचे पाहुणे, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त.

"आत्या मेली होती ना?" राकेशनं विचारलं.

"नाई मेली."

"आता गावाले काय सांगू? आमची मेलेली आत्या आली म्हणून? हिंगणघाटवाले उद्या साक्षगंध मोडतीन." तो उठून फेऱ्या मारू लागला आणि शेवटी त्याला तोड सुचली. आत्याचं नाव शोभा. हिंगणीची, आईची लांबची मावसबहीण, मागंपुढं कुणी नाही म्हणून आणली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. रीताचं लग्न होऊन जाऊ दे, मंग पाहू."

हे वाक्य प्रमिलाबाईंनी याच ओसरीत ऐकलेलं होतं.

पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी कमला आली. केस कानापर्यंत कापलेले आणि बहुतेक पांढरे, अंगावर कुणीतरी दिलेली साडी, हातात एक पिशवी. पिशवीत टॉवेल, कंगवा आणि आकडा ठोकलेली एक स्टीलची थाळी. तिनं प्रमिलाबाईंकडं पाहिलं आणि नमस्कार केला. त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. ती घराकडं, ओसरीकडं, ज्या खांबाला धरून लहानपणी गोल फिरायची त्या खांबाकडं बघत होती, आणि एखाद्या नव्या वॉर्डात आणून सोडल्यासारखी भिंतीशी उभी होती.

गुंजननं सांगितलं, तीन आठवडे पाहायचं. नीट जेवल्या, रमल्या, तर मी येऊन सही घेईन. नवमीनंतरच्या दशमीची तारीख तिनं कॅलेंडरवर लिहून दिली. राकेशनं तिला बाजूला घेऊन नावाची गोष्ट सांगितली. तिनं मान हलवली, पण तिचं तोंड उतरलं.

"तुमचं नाव आजपासून शोभा," राकेश कमलाला म्हणाला.

"बरं," कमला म्हणाली.

वॉर्डानं चोवीस वर्षांत तिला हा एक शब्द मात्र पक्का शिकवला होता. पहाटे पाचला उठून ती अंथरुणाची घडी करायची आणि दाराशी उभी राहायची. प्रमिलाबाईंना सिस्टर म्हणायची. "सिस्टर, मी आंघोळीले जाऊ?" "सिस्टर, मी बसू?" जेवायच्या वेळी आकड्याची थाळी घेऊन चुलीपासून चार हातांवर थांबायची, पुढं रांग असल्यासारखी. बस म्हटलं की बसायची. पण चार घास खाल्ले की थाळी पुढं सरकवायची.

"काऊन वं, आवडलं नाई?"

"आवडलं सिस्टर. बाकीचं घरी जाऊन जेवीन."

"हे घरच हाये तुझं."

"बरं," कमला म्हणायची, आणि तासाभरानं पुन्हा विचारायची, "सिस्टर, मले घरी कधी नेतीन?"

प्रमिलाबाईंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, तिला लहानपणी आवडायचा तो झुणका. कमला चार घास खायची. गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. दर आठवड्याला गुंजनचा फोन यायचा आणि दर आठवड्याला वजन कमी भरायचं. "असंच चाललं तर मला त्यांना निवारागृहात न्यावं लागेल," गुंजन म्हणाली. "तिथं निदान डॉक्टर आहेत. माझ्या हातात दुसरं काही नाही, मावशी."

"जाऊ दे ना आई," राकेश म्हणाला. "तिचंबी भलं, आपलंबी."

प्रमिलाबाईंना ते पटत नव्हतं. एकदा, फक्त एकदा कमलानं या घरात पोटभर जेवावं आणि हे घर आपलं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. हातून झालेलं पुसता येत नाही, पण निदान वाढून तरी देता येतं, असं त्यांना वाटायचं. आणि देवाला तेवढंही देववत नव्हतं.

नवमीच्या आदल्या दिवशी शकुंतलाबाई भिंतीवरून डोकावल्या. "उद्या येतो मी बारा वाजेपर्यंत. इतकी वर्सं जेवून राह्यली कमलेच्या नावानं, उद्याही सोडत नाई. तुमच्या शोभाबाईलेबी बसवजो माझ्या पंगतीले."

म्हणजे पान ठेवावंच लागणार होतं. नाही ठेवलं तर शकुंतलाबाई का म्हणून विचारणार, आणि शकुंतलाबाईंनी विचारलं म्हणजे गावानं विचारलं.

नवमीला सकाळपासून ऊन कडक होतं. भाद्रपदातलं ऊन ते, हरणंसुद्धा काळी पडतात म्हणतात. प्रमिलाबाई डाळ वाटत होत्या. कमला येऊन शेजारी बसली, न विचारता सूप ओढलं आणि गवार मोडू लागली. दोन्ही टोकांच्या शिरा ओढून काढायची आणि मग मोडायची. लग्नाच्या आधी ती अशीच शेजारी बसायची, आणि प्रमिलाबाईंनीच तिला ते शिकवलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"आज कोणाचं पान हाये, सिस्टर?"

प्रमिलाबाईंना खरं सांगता आलं असतं. दारं उघडी होती, भिंतीपलीकडं शकुंतलाबाई न्हाणीत बादली आपटत होत्या.

"माझ्या नंदेचं," त्या म्हणाल्या.

"मेली का थे?"

"हाव."

कमलानं एक शेंग उजेडात धरून तिची राहिलेली शीर नखानं ओढून काढली. "बरं झालं तुमी पान ठेवता. तिले लय भूक लागे," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून ती ओसरीत गेली आणि शकुंतलाबाईंसाठी द्रोण लावायला बसली.

बारा वाजता पान वाढलं. शकुंतलाबाई ओसरीत पाटावर येऊन बसल्या, कमला त्यांच्या शेजारी. प्रमिलाबाईंनी निखाऱ्यावर तूपभाताचा घास सोडला, पान दोन्ही हातांत धरलं आणि जिना चढल्या. तानबाजी गेल्यापासून हे काम त्यांच्याकडंच आलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी घाईघाईत हाका मारल्या होत्या आणि उतरल्या होत्या. रीत अशी होती की हाका मारल्यावर पानाकडं पाठ करायची आणि वळून बघायचं नाही. तासाभरानं पान स्वच्छ झालेलं असायचं. कावळे, असं सगळे म्हणायचे. या घराच्या गच्चीवर कावळा उतरलेला प्रमिलाबाईंनी कधी पाहिला नव्हता, पण कावळ्यांशिवाय दुसरं कोण असणार?

गच्ची तव्यासारखी तापली होती. चपला जिन्याखाली काढलेल्या, त्यामुळं त्यांना उभं राहवेना. त्यांनी पान ठेवलं, पाणी फिरवलं. पुलावरून ट्रक चालले होते. पुलाखालच्या गाळ्यात देवळाचा झेंडा दिसत होता. बारीक, भगवा, वाऱ्याविना लोंबणारा. इतकी वर्षं या घरात राहून त्यांनी तो इथून कधी पाहिलाच नव्हता.

त्यांनी पाठ फिरवली.

"कमला, ये, जेव."

खाली ती ओसरीत बसली होती आणि इथं आपण तिला बोलावतो आहोत. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, शकुंतलाबाईंना ऐकू जाईल एवढ्यानं.

"आली वो वहिनी."

मागून आवाज आला. अगदी मागून, निळ्या टाकीच्या बाजूनं.

प्रमिलाबाई हलल्या नाहीत. कमला जिन्यानं वर आली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण जिना त्यांच्या समोर होता आणि तिथून कुणीच आलं नव्हतं. आल्यापासून ती त्यांना एकदाही वहिनी म्हणाली नव्हती.

मागं कुणीतरी पानावर बसलं. पानाची कड दुमडल्याचा आवाज झाला. मग जेवण्याचा. ज्याला फार भूक लागली आहे आणि तरीही जो नीट, खाली न सांडता जेवतो आहे, अशा माणसाचा. कढीचा भुरका. वडा मोडल्याचा कुरकुर आवाज. मधेच एक हुंदका, आणि पुन्हा घास.

खालून शकुंतलाबाईंचा आवाज आला. "प्रमिलाबाई, तुमची शोभाबाई किती गुणाची वो. एकही द्रोण गळत नाई पाहा हिचा."

"बसा सिस्टर, अजून दोन लावतो," कमला खाली म्हणाली.

प्रमिलाबाईंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

जेवण थांबलं. मागं कुणीतरी उभं राहिलं. आता फक्त तळपायांचा आवाज येत होता. एक उचलायचा, टेकवायचा, दुसरा उचलायचा, टेकवायचा. तापलेल्या स्लॅबवर माणूस उभा राहतो तसा.

"वहिनी, लय पाय भाजून राह्यले. मी खाली येऊ?"

वळावं, हात धरावा आणि गावासमोर खाली घेऊन जावं, असं त्यांना वाटलं. खरोखर वाटलं. त्या तोंड उघडणार होत्या. मग त्यांना रीता दिसली. ती अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि शकुंतलाबाईंच्या कशावर तरी हसत होती.

"थांब जराशी," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. "रीताचं लग्न होऊन जाऊ दे."

मागं तळपायांचा आवाज थांबला.

"बरं," आवाज म्हणाला.

त्या कशा उतरल्या ते त्यांना आठवत नाही. खाली पंगत बसली होती. कमला पहिल्यांदा पूर्ण ताट जेवली. दोनदा कढी मागून घेतली, खीर चाटून पुसून खाल्ली, आणि ढेकर देऊन म्हणाली, "पोट भरलं." शकुंतलाबाईंनी कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दशमीला गुंजन आली. वजनकाटा सोबत होता. तिनं कमलाची नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग फाइल उघडून तळपाय पुढं करायला सांगितले. तिथं जुन्या फोडांचे काळपट व्रण असायला हवे होते, ते दर तपासणीत लिहिलेले असायचे. तिनं एक पाय उजेडात धरला, मग दुसरा. तान्ह्या लेकराच्या तळपायांसारखे होते ते, एक रेघही नसलेले.

"औषध लावलं होतं?"

"नाई वो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"कमलाबाई, माझ्याकडं बघा." तिनं बघितलं नाही. "शोभाबाई." ती वळली आणि हसली. "तुम्हाला अजून घरी जायचं आहे का?"

"घरीच तं हाये मी, मॅडम," ती म्हणाली. "हिंगणीची मी. यायची मावसबहीण."

गुंजननं पेन हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. "काम तर चांगलं झालं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही नाही नेलं असतं तर आज..." तिनं वाक्य सोडून दिलं. प्रमिलाबाईंनी सही केली. जाताना गुंजन फाटकाशी थांबली आणि वर स्लॅबकडं पाहिलं. मग कपाळावर हात आडवा धरून पुन्हा पाहिलं आणि झपझप चालू लागली.

तुळशीचं लग्न झालं, रीताचं झालं. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई दुपारी गच्चीवर गेल्या. मनाशी ठरवूनच गेल्या होत्या. पण मांडवपरतणीला आलेले हिंगणघाटचे पाहुणे खाली ओसरीत चहा पीत होते आणि शोभाबाई त्यांना बिस्किटं देत होती. तेव्हा त्या म्हणाल्या, पाहुणे जाऊ दे. पाहुणे गेले, तर संक्रांत आली. माघात रीताला दिवस राहिल्याची बातमी आली, बाळंतपण माहेरी. त्या म्हणाल्या, तेवढं बाळंतपण होऊन जाऊ दे, या वेळेस नक्की. दर वेळी निळ्या टाकीच्या बाजूनं एकच शब्द यायचा, बरं.

शोभाबाई आता घरात चांगली रमली आहे. अंगानं भरली आहे. शकुंतलाबाईंशिवाय तिचं पान हलत नाही. गच्चीवर ती कधी जात नाही, कुणी जा म्हटलं तरी नाही.

उन्हाळा लागल्यापासून प्रमिलाबाई रोज बारा वाजता वर जातात आणि बादलीभर पाणी ओततात. घर थंड राहतं, असं त्या राकेशला सांगतात. पाणी सगळ्या स्लॅबभर पसरतं आणि वाफ होऊन उडतं. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीपाशी मात्र दोन पावलांपुरती जागा कोरडी राहते, बोटं खालच्या दिशेला.

प्रमिलाबाई तिथं वाकतात आणि ओंजळीनं, अगदी हळू, पाणी घालतात. ते पाणी स्लॅबपर्यंत पोचत नाही.